मुलांना वेळेचं नियोजन शिकवायचंय ना? मग टाइमटेबल सगळ्यात शेवटी करा

दरवर्षी जूनच्या शेवटी हे ठरलेलं असतं. पालकसभा संपते, दोन-चार जणी मागे थांबतात, फोन काढतात आणि फोटो दाखवतात, "बघा ना मॅडम, त्यानेच केलंय, स्केचपेनने बॉर्डर पण त्यानेच काढली." ५ ते ५.३० गणित, ५.३० ते ६ विज्ञान, ६ ते ६.१५ ब्रेक, सगळं चौकटीत बसवलेलं. आणि गणपती यायच्या आत तो कागद कपाटाच्या दारावर एका कोपऱ्याने लटकत असतो आणि तक्रार सुरू होते की याला वेळेचं काही पडलेलंच नाही.

पडलेलं असतं हो. पण अकरा-बारा वर्षांच्या पोराला कुठल्या कामाला किती वेळ लागतो हेच माहीत नसतं, आणि आपण थेट वेळापत्रक हातात देतो. शिंप्याने माप न घेता कापडावर कात्री चालवावी तसं झालं हे.

मी सहावी-सातवीला शिकवते, घरात माझी स्वतःची दोन आहेत, आणि मोठ्याच्या वेळी मीसुद्धा बॉर्डरवालं टाइमटेबलच केलं होतं. खाली जो क्रम दिलाय तो पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी आहे. सगळं मिळून सहा-आठ आठवडे जातात. टाइमटेबल त्यात पाचव्या टप्प्याला येतं, आधी नाही, कितीही हात शिवशिवले तरी.

आधी तयारी

कधी सुरू करायचं ते आधी बघा. शाळा उघडल्या उघडल्या नको, पहिले पंधरा-वीस दिवस पुस्तकं, वह्या, रेनकोट, नवीन रिक्षाकाका यातच जातात. जुलैचा दुसरा आठवडा बरा, नाहीतर मग दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली की. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तर हे काढूच नका, त्या वेळी घरातल्या कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

सामान फार लागत नाही:

- काट्यांचं मोठं घड्याळ, अभ्यासाला बसतो त्या जागेवरून मान न वळवता दिसेल असं
- एक शंभर पानी वही, दुसऱ्या कशालाही न वापरलेली
- भिंतीवरचं मोठ्या चौकोनांचं कॅलेंडर, कालनिर्णयसारखं, पण मुलाच्या एकट्याच्या मालकीचं, ज्यात दुधाचा हिशोब आणि सिलेंडरची तारीख नसेल
- एक आलेख वही आणि रंगीत पेन्सिली
- साधा टायमर, किचनमधला चालतो

फोनमधला टायमर नको. टायमर लावायला फोन हातात घेतलेलं मूल फोन घेऊन तिथेच बसतं, हे मी सांगायला नको.

घड्याळाबद्दल अजून एक. मुलाला पावणेसहा, सव्वासहा, पाऊण तास, दीड तास हे शब्द खरंच कळतात का ते एकदा तपासा. सेमी आणि इंग्लिश मीडियमची बरीच मुलं "फाइव्ह फोर्टीफाइव्ह" पटकन सांगतात पण आजी म्हणाली पावणेसहाला ये की पोरगं सहा वाजून गेल्यावर उगवतं आणि आपण म्हणतो उद्धट झालाय. माझ्या वर्गात सातवीतल्या एका मुलीला पावणे आणि सव्वा यातला फरक वर्षभर नीट लागत नव्हता, आणि ती हुशार मुलगी आहे. काट्यांच्या घड्याळाचा हट्ट यासाठीच, डिजिटलवर नुसता आकडा दिसतो, पाऊण तास केवढा मोठा असतो ते दिसत नाही.

शेवटची तयारी तुमची. सलग तीन दिवस काहीही न बोलता फक्त बघायचं. "बस आता", "झालं का", "किती वेळ झाला" यातलं एकही वाक्य नाही. मूल किती वाजता बसतं, किती वाजता खरंच पेन कागदाला लागतं, मध्ये किती वेळा उठतं, ते तुमच्यापुरतं टिपून ठेवा. आमच्या धाकट्याचं मी टिपलं होतं: ५.३० ला बसला. कंपासपेटीत शार्पनर नाही म्हणून उठला. पाणी प्यायला गेला, फ्रिजसमोर उभा राहिला. परत आला, वहीच्या मागच्या पानावर विमान काढलं. दुसरी वही दप्तरात सापडेना. पहिला शब्द लिहिला तेव्हा ५.५२ झाले होते. आणि त्याला विचारलं तर तो शपथेवर सांगेल की साडेपाचपासून अभ्यास करतोय, आणि तो खोटं बोलत नसतो.

सावधान: घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना आधी विश्वासात घ्या. तुम्ही तोंड बंद ठेवणार आणि आजी दर पाच मिनिटांनी "बाळा, अभ्यास केलास का" विचारणार, मग हे तीन दिवस फुकट.

टप्पा १: अंदाज आणि प्रत्यक्ष (एक आठवडा)

शंभर पानी वहीत तीन रकाने आखायचे. काम, अंदाज, प्रत्यक्ष. काम सुरू करायच्या आधी मुलाने स्वतः अंदाज लिहायचा, मग घड्याळ बघून सुरू, संपल्यावर प्रत्यक्ष मिनिटं लिहायची. बस. काम पटकन कर असं म्हणायचं नाही, या आठवड्यात सुधारणा करायचीच नाहीये, फक्त मोजायचंय.

फक्त अभ्यासाचं मोजू नका. आंघोळ, दप्तर भरणं, बूट घालून दारातून बाहेर पडणं, सायकलवर क्लासला पोचणं, हे पण लिहायचं. उलट पहिले दोन दिवस हेच मोजा, मुलांना मजा येते आणि अभ्यासाचं भूत मानगुटीवर नसतं.

वही साधारण अशी दिसायला लागते: विज्ञान स्वाध्याय, अंदाज १५, प्रत्यक्ष ४२. भूगोलाचा नकाशा भरणं, अंदाज १०, प्रत्यक्ष ३५ (त्यातली १२ मिनिटं निळी पेन्सिल शोधण्यात). गणिताची पाच उदाहरणं, अंदाज ४०, प्रत्यक्ष २३.

ते शेवटचं बघा नीट. आपल्याला वाटतं मुलं नेहमी कमीच अंदाज लावतात. आवडत्या किंवा नुसत्या लिहून काढायच्या कामाला कमी लावतात, पण ज्या विषयाची भीती आहे त्याला भरमसाट जास्त लावतात, आणि म्हणूनच तो टाळतात. "गणिताला खूप वेळ लागतो" म्हणणाऱ्या मुलीला स्वतःच्या अक्षरात २३ लिहिलेलं दिसलं की तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते माझ्या दहा लेक्चरने आलं नव्हतं.

नेहमीची चूक: अंदाज चुकला की हसणं किंवा "बघ, मी म्हणत होते ना". एकदा असं झालं की पुढच्या दिवसापासून मूल अंदाज मागाहून भरतं, प्रत्यक्षाच्या जवळ जाईल असा. ती वही मग सुंदर दिसते आणि काही कामाची राहत नाही. सगळे अंदाज दोन-तीन मिनिटांच्या फरकाने बरोबर यायला लागले की खुश होऊ नका, संशय घ्या.

चेक: आठवड्याच्या शेवटी मुलाला स्वतःबद्दल निदान दोन गोष्टी आकड्यात सांगता यायला हव्यात. "लिहायचं काम असलं की मला अंदाजाच्या दुप्पट लागतात" किंवा "गणित मला वाटतं त्याच्या निम्म्यात होतं". सांगता येत नसेल तर अजून चार दिवस मोजा. पुढे जाऊ नका.

टप्पा २: आठवड्याचे १६८ चौकोन (एक रविवार)

हा छोटा टप्पा आहे, एका बैठकीत होतो. आलेख वहीच्या पानावर ७ उभे रकाने, २४ आडव्या ओळी, एक चौकोन म्हणजे एक तास. आता रंगवायचं. झोप आधी. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते, १३ नंतर ८ ते १०, त्यामुळे निळा रंग ९ तासांच्या खाली न्यायचा नाही, यावर वाटाघाटी नाहीत.

आमच्याकडे हिशोब असा आला: झोप ६३, शाळा जाण्यायेण्यासकट आणि शनिवार अर्धा धरून ३९, जेवणखाण-आंघोळ-आवराआवर २१, क्लास ९. बेरीज १३२. उरले ३६ तास. धाकटा म्हणाला, "छत्तीस? मग मला खेळायला वेळ का नाही मिळत?" मी गप्प बसले. तुम्हीही बसा.

कधीकधी उलटं होतं. रंगवून झालं की पांढरे चौकोन दहा-बाराच उरतात. दोन क्लास, अबॅकस, कराटे, तबला, शनिवारी ड्रॉइंग. मग मात्र मुलाला नियोजन शिकवून काही होणार नाही, एखादा क्लास बंद करा. वाईट वाटलं तरी हेच खरं, मी पालकसभेत हे बोलते तेव्हा अर्धी सभा खाली बघते.

टप्पा ३: कामाचे तुकडे (दोन आठवडे)

सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात, म्हणून इथे वेळ घ्या.

डायरीत मुलं लिहितात, "विज्ञान प्रोजेक्ट". हे काम नाही, कामाचं आडनाव आहे. यात कुठून हात घालायचा ते कळत नाही, मग मूल रोज ते वाचतं, पोटात गोळा येतो आणि पान उलटतं. नियम दोनच शिकवा. एक, कामात क्रियापद हवं: आण, धू, काप, लिही, विचार. दोन, एका बैठकीत, म्हणजे साधारण वीस मिनिटांत संपायला हवं. संपत नसेल तर अजून तुकडा पाडा.

खरंखुरं उदाहरण देते. पाणी गाळायचं मॉडेल, सातवी-आठवीत कुणी ना कुणी करतंच. प्लास्टिकची बाटली उलटी, त्यात खालून वर कापूस, कोळसा, बारीक वाळू, खडी, वरून गढूळ पाणी ओतायचं, खालून स्वच्छ येतं. आमच्या घरी हे आदल्या रात्री साडेनऊला सुरू झालं. समोरच्या बांधकामावरून वाळू आणली, तशीच भरली, कोळसा घाईघाईत कुटून टाकला. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांसमोर त्याने गढूळ पाणी ओतलं आणि खालून आणखी काळं बाहेर आलं. सगळा वर्ग हसला. (तोही हसला, पण घरी येऊन रडला.)

चुकलं कुठे? वाळू स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावी लागते, कोळशाची भुकटी पण धुवावी लागते, हे त्याला माहीत नव्हतं कारण कामाचे तुकडे पाडलेच नव्हते. पुढच्या वेळी आम्ही दोघांनी बसून यादी केली:

१. मॅडमना विचार, बोलायला किती मिनिटं मिळणार
२. वाळू, खडी, कोळसा आण
३. वाळू चार-पाच पाण्यातून धू, कागदावर पसर
४. कोळसा कुट, धू
५. बाटली काप (बाबांसोबत)
६. थर भर
७. एकदा पाणी ओतून बघ
८. तक्ता लिही
९. दोन मिनिटं बोलायचा सराव

आता यात एक मेख आहे. तिसरं काम हाताने पंधरा मिनिटांचं, पण वाळू वाळायला ऊन असलं तर एक दिवस, पावसाळ्यात दोन. ओल्या वाळूचे थर नीट बसत नाहीत. म्हणजे काही कामांत हाताचा वेळ वेगळा आणि वाट बघायचा वेळ वेगळा. फेव्हिकॉल वाळणं, झेरॉक्सवाला उघडणं, मैत्रिणीकडून वही परत येणं, बाबा रविवारीच घरी असणं, हे सगळे वाट बघायचे वेळ. अशा कामापुढे मुलाला एक छोटं घड्याळ काढायला सांगा. घड्याळवाली कामं आधी उरकायची, बाकीची कशीही पुढेमागे झाली तरी चालतात.

सावधान: यादी तुम्ही करून देऊ नका. तुमची सुबक यादी बघून मूल फक्त हो म्हणतं. त्याला विचारा, "आणि त्याच्या आधी काय लागेल?" हाच प्रश्न परत परत. कंटाळा येईपर्यंत.

चेक: तुमच्या मदतीशिवाय मुलाने एका कामाचे निदान पाच तुकडे पाडले आणि त्यात एखादं घड्याळवालं काम स्वतः ओळखलं, की पुढे.

टप्पा ४: उलटं मोजणं

आता कॅलेंडर भिंतीवर. जमा करायची तारीख लाल पेनने. आणि तिथून मागे यायचं. आजपासून पुढे जायचं नाही, कारण आजपासून बघितलं की खूप दिवस आहेत असंच दिसतं.

तेच मॉडेल घ्या, शुक्रवारी जमा करायचंय. मग गुरुवारी संध्याकाळी ते पिशवीत भरून दाराजवळ ठेवलेलं हवं, खरी शेवटची तारीख गुरुवारच. बुधवारी बोलायचा सराव. मंगळवारी तक्ता. सोमवारी पाणी ओतून बघणं. रविवारी बाटली कापून थर भरणं, कारण बाबा त्या दिवशी घरी. शनिवारी काही नाही, वाळू वाळतेय. शुक्रवारी संध्याकाळी वाळू-कोळसा धुणं. आणि सामान आणायचा दिवस आला त्याच्या आदल्या गुरुवारी, म्हणजे जमा करायच्या आठ दिवस आधी. पावसाची झड असेल तर नऊ.

हे चौकोनात लिहून झाल्यावर मूल एकदा तरी म्हणतं, "म्हणजे आजच आणायला पाहिजे वाळू?" ते त्याच्या तोंडून यावं लागतं. तुम्ही म्हणालात तर ती कटकट असते.

कॅलेंडरवर आधी काट मारायच्या गोष्टी पण असतात, त्या विसरू नका: गावाला जायचे दिवस, घरातलं लग्न, चाचणी परीक्षा. कोकणात ज्यांचं घर आहे त्यांचे गणपतीचे पाच-सात दिवस गेलेच समजा. शाळा पण कधीकधी ग्रुपवर रात्री नऊला मेसेज टाकते की उद्या हिरव्या रंगाचे कपडे आणि तीन प्रकारची पानं आणा, त्याला कुणाचंच नियोजन पुरत नाही, त्या दिवशी मुलाला दोष देऊ नका.

नेहमीची चूक: प्रत्येक छोटा गृहपाठ कॅलेंडरवर लिहिणं. दोन आठवड्यांत ते इतकं गिचमिड होतं की मूल त्याकडे बघतच नाही. उद्या द्यायचं ते डायरीत, दोन दिवसांपेक्षा लांबचं तेवढंच कॅलेंडरवर.

टप्पा ५: आता टाइमटेबल

आलो एकदाचे. आता मुलाकडे स्वतःचे आकडे आहेत, पांढरे चौकोन माहीत आहेत, कामाचे तुकडे आहेत. तरीही विषयवार अर्ध्या-अर्ध्या तासाचं टाइमटेबल नकोच. तीन गोष्टी ठरवा फक्त.

पहिली, रोजच्या बैठका किती आणि कुठे. सहावीच्या मुलाला दोन पुरतात. आणि त्या घड्याळापेक्षा एखाद्या रोज घडणाऱ्या गोष्टीला बांधा: "दूध पिऊन झालं की", "खेळून आल्यावर हातपाय धुतले की". व्हॅन अर्धा तास उशिरा आली की ५ वाजताचं टाइमटेबल त्या दिवसापुरतं मेलं, दूध काही चुकत नाही. शाळा दुपारच्या सत्रात असेल तर मोठी बैठक सकाळी ठेवा, संध्याकाळी सहाला घरी आलेलं मूल दमलेलं असतं, त्याच्याकडून त्या वेळी फक्त दप्तर भरणं आणि वाचन होतं.

दुसरी, बैठकीत काय करायचं ते बसल्यावर पहिल्या दोन मिनिटांत मुलाने ठरवायचं. डायरी आणि कॅलेंडर बघायचं, तीन कामं लिहायची, पुढे अंदाज लिहायचा, अंदाजाला स्वतःच्या गुणकाने गुणायचं (लिहायचं काम, १५ वाटतात, म्हणजे ३०). बेरीज बैठकीपेक्षा जास्त झाली तर एक काम उद्यावर, आणि कुठलं ते त्यानेच सांगायचं.

तिसरी, रिकामी जागा. एक तासाची बैठक असेल तर पंचेचाळीस मिनिटांचंच काम घ्या. आयांना हे सगळ्यात जड जातं, "पंधरा मिनिटं वाया?" नाही हो, निळी पेन्सिल शोधायला लागतातच तेवढी.

आधी सोपं की अवघड? बरेच जण सांगतात अवघड आधी. माझा अनुभव थोडा वेगळा आहे, या वयाच्या मुलांना पाच मिनिटांचं एखादं सोपं काम आधी दिलं की गाडी चालू होते, मग लगेच अवघड घ्यायचं. पण सोपी दोन झाली की अवघडाला मुहूर्त लागत नाही, म्हणून एकच.

टप्पा ६: बसल्यावर काय

थोडक्यात सांगते. २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं ब्रेक हा प्रकार मोठ्यांसाठी ठीक आहे, पाचवी-सहावीला १५ पासून सुरू करा, आठवीपर्यंत २५ वर न्या. बसायच्या आधी सामान टेबलावर: वही, पुस्तक, टोक केलेल्या दोन पेन्सिली, पट्टी, पाण्याची बाटली. हे एवढं केलं तरी आमच्याकडची बसल्यापासून पहिला शब्द लिहीपर्यंतची ती २२ मिनिटं ७ वर आली. ब्रेकमध्ये उठायचं, चालायचं, गॅलरीत जायचं, स्क्रीन नाही. पाच मिनिटांचा स्क्रीनचा ब्रेक असा प्रकार जगात नसतो.

टप्पा ७: पेपरमधला वेळ (परीक्षा असेल तरच)

घरी छान नियोजन करणारी मुलंही पेपरात गडबडतात, कारण तिथे वेळ दुसऱ्याने ठरवलेला असतो. स्कॉलरशिपचा एक पेपर घ्या, ७५ प्रश्न, ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. हा आकडा मुलाकडूनच काढून घ्या, भागाकारच आहे.

मग सराव असा: २५ प्रश्न, ३० मिनिटांचा टायमर. ७२ सेकंदांच्या हिशोबाने बरोबर बसतात. पूर्ण पेपर लगेच सोडवायला लावू नका, आधी या ३० मिनिटांच्या घासाची सवय होऊ दे. क्रम शिकवा: पहिल्या फेरीत येतं ते सोडवायचं, अडकलं की प्रश्न क्रमांकाला गोल करून पुढे, दुसऱ्या फेरीत फक्त गोलवाले.

सावधान: उत्तरपत्रिकेतले गोल शेवटी एकदम काळे करू म्हणणारी मुलं दरवर्षी भेटतात. शेवटची पाच मिनिटं, हात थरथरतोय, ३१ चं उत्तर ३२ ला, आणि मग खालचं सगळंच एक घर सरकलेलं. पानावरचे प्रश्न संपले की त्या पानाचे गोल भरायचे, मगच पान उलटायचं. आणि सोडून दिलेल्या प्रश्नाची ओळ उत्तरपत्रिकेत रिकामी राहिलीय ना ते बोट ठेवून बघायचं.

टप्पा ८: रविवारची पंधरा मिनिटं, आणि तुम्ही बाजूला होणं

रविवारी नाश्त्यानंतर शंभर पानी वही आणि कॅलेंडर घेऊन बसायचं. प्रश्न तीनच: काय वेळेत झालं, काय राहिलं आणि का, पुढच्या आठवड्यात लाल तारीख कुठली. पंधरा मिनिटं झाली की उठायचं, मध्येच मार्कांचा विषय काढलात तर पुढच्या रविवारी मूल नाश्ताच उशिरा करेल.

पहिले दोन रविवार वही तुमच्या हातात. मग दोन रविवार त्याच्या हातात, तुम्ही विचारायचं. मग तो बोलणार, तुम्ही ऐकायचं. त्यानंतर तुम्ही भाजी निवडता निवडता लांबून ऐकलं तरी चालेल. घाई केली की सगळं कोसळतं आणि उशीर केला की मूल कायम तुमच्या आठवणीवर चालतं, "आई, उद्या काय आहे ग?" हे नववीतही ऐकू येतं.

हे सोडताना एखादं काम बुडणार, धरूनच चाला. वही अपूर्ण राहील, मॅडम शेरा देतील. आधीच वर्गशिक्षिकेला भेटून सांगा की आम्ही असं असं करतोय, महिनाभर काही राहिलं तर त्यालाच विचारा, मला फोन करू नका. आम्हा शिक्षकांना असा पालक भेटला की बरंच वाटतं. आणि तो शेरा आला त्या दिवशी रात्री अकराला बसून तुम्ही त्याची वही पूर्ण करून देऊ नका. अक्षर आम्हाला ओळखू येतं.

शिक्षक वाचत असतील तर

वर्गात यातलं सगळं जमत नाही, ३५ मिनिटांची तासिका आणि पन्नास मुलं, मला माहितीये. पण तीन गोष्टी फुकटात होतात. तास संपायच्या तीन मिनिटं आधी थांबून गृहपाठ डायरीत लिहून घ्या, घंटा वाजल्यावर ओरडून सांगितलेला गृहपाठ निम्म्या वर्गाला ऐकूच जात नाही. गृहपाठापुढे अंदाजे मिनिटं मुलांकडूनच विचारून लिहायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी हात वर करून प्रत्यक्ष विचारा. आणि फळ्याच्या एका कोपऱ्यात त्या दिवसाचा सगळ्या विषयांचा गृहपाठ राहू द्या, पुसू नका. आमच्याकडे हे सुरू केलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की गुरुवारी पाच जण पाच गृहपाठ देतोय आणि मंगळवारी कुणीच काही देत नाहीये.

मध्येच गाडी रुळावरून घसरली तर

घसरतेच. दिवाळीची सुट्टी, आजारपण, घरी पाहुणे, क्रिकेटची मॅच. अशा वेळी पाचव्या टप्प्यावरचं टाइमटेबल कडक करायचा मोह होतो, तो टाळा आणि सरळ पहिल्या टप्प्यावर जा, तीन दिवस फक्त अंदाज आणि प्रत्यक्ष. सुट्टीनंतर आकडे बदललेले असतात, हात लिहायची सवय विसरलेला असतो, १५ चे परत ४० झालेले असतात. तीन दिवसांनी नवे आकडे घेऊन बैठका पुन्हा ठरवा.

महिनाभर सगळं करूनही अंदाज आणि प्रत्यक्ष यात काहीच फरक पडत नसेल, प्रत्येक लिहायच्या कामाला तीन-चार पट वेळ जात असेल, फळ्यावरचं उतरवून घ्यायला जमत नसेल, तर तो नियोजनाचा प्रश्न नसू शकतो. आधी डोळे तपासून घ्या, मग वर्गशिक्षकांशी बोला आणि गरज वाटली तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. जाताना ती शंभर पानी वही सोबत न्या, त्यांना त्यातून बरंच कळेल.